पालघर-तारापूर किनाऱ्यावरील हातसुया : ओळख, उपयोग आणि इतिहास-साधन म्हणून मूल्य

प्रस्तावना

श्रमाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांना जे स्थान लाभले, ते सुईसारख्या लहान अवजारांना लाभलेले नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात (इ. स. दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध) डहाणुका नदीवर लोकांसाठी नावांची मोफत सोय केल्याचा उल्लेख आढळतो. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती धर्मोपदेशक ओडोरिक हा होर्मुझहून २८ दिवसांत ठाण्यास आला, तो दोरीने शिवलेल्या व लोखंड न वापरलेल्या जहाजातून. या साधनांत नाव आहे, शिवण आहे. शिवणाऱ्याचे अवजार मात्र नाही. ही उणीव प्रत्यक्ष अवजारांच्या अभ्यासाने काही अंशी भरून काढता येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावर मासेमारी, आतील भागात भातशेती आणि बोईसर-तारापूर येथे कारखानदारी असल्याने या अभ्यासास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

सुई ओळखण्याच्या खुणा

अपरिचित सुईची ओळख टोक, काडीचा छेद आणि नेढे या तीन खुणांवरून पटते. कापडाच्या सुईचे टोक गोल व निमुळते असते. ते धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढते. चामड्याला विणीतील फटी नसतात. म्हणून चामड्याच्या सुईचे टोक तिधारी असते व ते छेद घेत जाते. मोच्याची आरी मुठीत बसविलेली असून तिच्या टोकाशी आकडा असतो. ती दोरा खालून वर ओढून घेते. गोणपाटासाठी वापरला जाणारा दाभण जाड व लांब असतो. त्याचे टोक किंचित चपटे आणि पुष्कळदा वाकडे असते, कारण भरलेल्या पोत्याच्या आतून हात घालणे शक्य नसते. एकाच बाजूने टोचून त्याच बाजूने टोक बाहेर काढावे लागते. नेढे मोठे असते ते सुतळीसाठी. शिडाच्या जाड कापडाची सुईही तिधारी असते. 

जाळ्याची सुई

सातपाटी, दांडी, नवापूर, तारापूर या किनाऱ्यावरील जाळ्याची सुई मात्र या वर्गीकरणात बसत नाही. तिला नेढे नसते व ती काही टोचत नाही. चपट्या पट्टीच्या पोटात एक जीभ कोरलेली असते, मागचे टोक दुभागलेले असते. जिभेभोवती व मागच्या खाचेतून सूत गुंडाळले जाते आणि गाठ मारताना ते थोडे थोडे सुटत जाते. सुई आणि सुताची गुंडाळी ही दोन्ही कामे एकाच अवजाराने होतात.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सूत भरलेली ही सुई जाळ्याच्या आसातून पार व्हावी लागते. त्यामुळे सुईची रुंदी आसाच्या मापाची खालची मर्यादा सांगते. रुंद सुई सापडली तर तिने बारीक आसाचे जाळे विणले गेले नाही, असे निश्चित म्हणता येते. अरुंद सुईवरून मात्र उलट अनुमान काढता येत नाही, कारण तिने मोठा आसही विणता येतो. शिवाय डोल जाळ्यात तोंडाकडे आस मोठा व शेपटाकडे लहान होत जातो. म्हणून सुई कोणत्या भागासाठी होती, हे विचारल्यावाचून निष्कर्ष काढू नये. आसाचे माप ठरविणारी पट्टी सोबत मिळाल्यास पुरावा अधिक बळकट होतो.

हा प्रश्न केवळ संग्राहकांचा नाही. पापलेटची लहान पिल्ले बारीक आसात सापडतात, ही किनाऱ्यावरची जुनी चिंता आहे. २०२३ मध्ये रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा घोषित झाला. पूर्वी कोणत्या मापाची जाळी विणली जात होती, याचे एक साक्षीदार कोळी घरांतील जुन्या सुया आहेत.

बदलाचा काळ

१९६० नंतरच्या दशकांत तागा-सुताची जागा नायलॉनने घेतली. यंत्राने विणलेले जाळे तयार मिळू लागले. परिणामी हाताचे काम प्रामुख्याने जोडणी व दुरुस्तीपुरते उरले. लाकूड-बांबूच्या सुईऐवजी प्लास्टिकची सुई आली, परंतु आकार तोच राहिला. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले व पुढे औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांच्या मालासाठी गोणीचे तोंड शिवणारी यंत्रे आली, तेथे दाभणाचे काम कमी झाले. जे अवजार एकाच कामाचे होते ते मागे पडले. जे दुरुस्तीला लागते ते टिकले.

निष्कर्ष

सुईचा आकार हा ती ज्या वस्तूतून जाते त्या वस्तूचा लेख होय. मात्र हा लेख वाचणारी पिढी वयोवृद्ध होत आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी अशा अवजारांची लांबी, रुंदी, साहित्य, स्थानिक नाव आणि वापरणाऱ्याचे निवेदन एकत्र नोंदविणे आवश्यक आहे. निवेदनाविना जपलेली सुई ही केवळ एक वस्तू राहते. निवेदनासह तीच किनाऱ्याच्या अर्थव्यवहाराचे साधन ठरते.