दिढीपासून रेशनकार्डापर्यंत

सावंतवाडीच्या बाजारात आज तांदूळ बारमाही मिळतो. जुन्या कोकणात मात्र आषाढ-श्रावण म्हणजे पोटाला चिमटा काढायचे महिने. कणगी रिकामी, नवं पीक दूर. मग सावकाराकडून भात उचलायचं आणि सुगीत दीडपटीनं फेडायचं. हीच ती दिढी. भूक भागे, कर्ज मात्र फिटत नसे. घरात पेज पातळ होत जाई. जोडीला भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, नाहीतर टाकळ्याची भाजी.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ थांबला. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या कोकणाला या टंचाईची झळ बसणारच होती.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं. रेशन दुकानं पुढं गावोगाव पोचली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं पात्र माणसाला दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हक्काचं झालं. २६ जानेवारी २०२० पासून राज्यात १० रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात.

उकड्या तांदळावर वाढलेला माणूस रेशनच्या तांदळाला नाक मुरडतो, तो भाग वेगळा. दिढीपेक्षा हे केव्हाही बरं. शेजारच्या कुणाचं कार्ड अडलं असेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत त्याच्यासोबत जरूर जा.