रेडिओवरचे कार्यक्रम किती प्रकारचे असतात आणि ते तयार कसे होतात?

मोबाईलवर एखादा व्हिडिओ नीट कळला नाही तर तो मागे नेता येतो, थांबवता येतो, खालचं कॅप्शन वाचता येतं. रेडिओ ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. वाक्य निसटलं की निसटलं. शिवाय ऐकणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कामात असतो. कोणी पोळ्या लाटत असतं, कोणी गोठ्यात असतं, कोणी गाडी चालवत असतं.

रेडिओचा कार्यक्रम करणाऱ्यापुढे कायम याच अडचणी असतात. श्रोत्याला काही दिसत नाही, मागे जाता येत नाही आणि त्याचं लक्ष अर्धंच असतं. बातमीपत्र, श्रुतिका, मुलाखत, फर्माईश हे सगळे प्रकार म्हणजे या अडचणींवर काढलेले वेगवेगळे मार्ग आहेत.

भारतात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. १९३६ मध्ये सरकारी प्रसारण सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. तीच पुढे आकाशवाणी म्हणून घराघरांत पोचली. रेडिओचे बहुतेक प्रकार मराठी श्रोत्याला तिथेच भेटले.

बातमीपत्र: पाच-दहा मिनिटांत सगळं

वर्तमानपत्राचं एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात रेडिओचं अख्खं बातमीपत्र संपतं. बातम्या वाचण्याचा वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास असतो. म्हणजे दहा मिनिटांच्या बातमीपत्रात जेमतेम हजार-बाराशे शब्द बसतात.

म्हणून रेडिओची बातमी लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. एका वाक्यात एकच गोष्ट. "त्यांनी", "त्यामुळे" असे शब्द कमी, कारण 'त्यांनी' म्हणजे कोणी, हे मागे जाऊन बघता येत नाही. नाव पुन्हा घेतलेलं बरं. मोठा आकडा आला तर "४ हजार ९८७" ऐवजी "सुमारे पाच हजार". ठळक बातम्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोनदा सांगतात, कारण मधेच रेडिओ लावणारेही असतात.

भाषण, मुलाखत आणि परिसंवाद

भाषण हा दिसायला सगळ्यात सोपा प्रकार: एक माणूस, एक मायक्रोफोन. पण सभेतलं भाषण इथे चालत नाही. समोर हजारोंचा जमाव नसतो. घरात एकटा बसलेला श्रोता असतो. त्यामुळे शेजारी बसून बोलल्यासारखं बोलावं लागतं.

मुलाखतीत निम्मं काम स्टुडिओत जाण्याआधीच होतं. पाहुण्याची माहिती काढायची, प्रश्नांचा क्रम ठरवायचा. "हो" किंवा "नाही" एवढ्यावर संपणारे प्रश्न टाळायचे. परिसंवादात आणखी एक अडचण येते. चार जण बोलत असले की आत्ता बोलतंय कोण, हे कळत नाही. म्हणून सूत्रधार दर थोड्या वेळाने बोलणाऱ्याचं नाव घेतो. टीव्हीवर हे काम पडद्यावरची पट्टी करते.

श्रुतिका: अंधारातलं नाटक

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांचं 'अ कॉमेडी ऑफ डेंजर' हे नाटक प्रसारित केलं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत त्याची गणना होते. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसं अंधारात अडकतात, असा प्रसंग ह्यूज यांनी निवडला. नाटकातल्या माणसांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही नाही. रेडिओची उणीवच त्यांनी कथानकात वापरली.

मराठीत आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत लोकांना शेजाऱ्यांसारखे ओळखीचे झाले होते, तेही चेहरे न दिसता.

श्रुतिकेत प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा लागतो. दोन सारखे आवाज एकत्र आले की श्रोता गोंधळतो. जागा आणि हालचाल संवादातून आणि आवाजातून दाखवावी लागते. लांबून येणारं पात्र मायक्रोफोनपासून दूर उभं राहून बोलायला लागतं आणि बोलत बोलत जवळ येतं. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोड्याच्या टापा होतात, सेलोफेनचा कागद चुरगळला की जाळ पेटतो. आता असे आवाज संगणकात तयार मिळतात, पण कोणता आवाज कुठे आणि किती वेळ ठेवायचा, हे अजूनही निर्मात्यालाच ठरवावं लागतं.

रूपक: माहितीपटाचा कानांसाठीचा अवतार

एखादी नदी, एखादा उद्योग किंवा एखाद्या व्यक्तीचं आयुष्य असा विषय घेऊन निवेदन, मुलाखतींचे तुकडे, प्रत्यक्ष जागेवरचे आवाज आणि संगीत यांची गुंफण केली की रूपक तयार होतं. यात सगळ्यात जास्त वेळ संकलनाला लागतो. तासन्‌तास केलेल्या ध्वनिमुद्रणातून अर्धा तास उरतो.

गाण्यांचे कार्यक्रम

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सैनिकांच्या फर्माईशीची 'जयमाला' घरोघरी ऐकली जाऊ लागली. फर्माईशीत गाणं ओळखीचंच असतं. श्रोता वाट बघतो ती स्वतःचं आणि गावाचं नाव ऐकण्याची. पत्रं वाचणं, निवडणं, गाण्यांनुसार नावं लावणं, हे काम पडद्यामागे चालतं.

खास रेडिओसाठी संगीत निर्माण करण्याचं मराठीतलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणी पुणे केंद्रावरून त्याची सुरुवात झाली. दर आठवड्याला एक नवं गीत. ग. दि. माडगूळकर लिहीत, सुधीर फडके चाल लावत. गायकांत फडक्यांसोबत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे कलाकारही होते. आधी योजना वर्षभराची होती, पण त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. प्रसारणाची वेळ कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे हे सगळं दर आठवड्याच्या मुदतीत बसवावं लागलं.

थेट प्रसारण: समालोचन आणि फोन-इन

धावत्या समालोचनात संहिता नसते, पण तयारी भरपूर असते. बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचं मराठी समालोचन लोकप्रिय केलं. चेंडू कुठे पडला, कुठे गेला, कोणी अडवला आणि धावसंख्या किती, हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत सांगायचं असतं. धावसंख्या पुन्हा पुन्हा सांगतात ती नुकताच रेडिओ लावलेल्यांसाठी.

फोन-इनमध्ये श्रोता थेट बोलतो. डॉक्टर किंवा कृषितज्ज्ञ स्टुडिओत बसलेले असतात आणि बाहेर एक जण फोन घेऊन प्रश्न आधी ऐकून घेतो, मगच फोन आत जोडला जातो.

ठरावीक श्रोत्यांसाठी: पुण्याचा १९५६चा प्रयोग

कामगार, महिला, मुलं, शेतकरी यांच्यासाठी आकाशवाणीने वेगळे कार्यक्रम केले. यातली सगळ्यात मोठी परीक्षा १९५६ मध्ये पुणे केंद्राने दिली. युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट तयार केले. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम.

गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायचा आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचा. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जायची. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. श्रोतागट असलेल्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढली होती. गट नसलेल्या गावांत, रेडिओ असूनसुद्धा, तेवढा फरक पडला नव्हता. नुसतं ऐकवून भागत नाही, ऐकणाऱ्याला उलट विचारता आलं पाहिजे, हे यातून दिसलं. १९५९ मध्ये ही कल्पना देशभर नेण्यात आली.

कल्पनेपासून प्रसारणापर्यंत

प्रकार कोणताही असो, कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. कार्यक्रम कोणासाठी, किती वेळाचा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे आधी ठरतं.
२. संहिता लिहिली जाते आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावून तपासली जाते.
३. तालीम आणि ध्वनिमुद्रण होतं. स्टुडिओच्या भिंतींना आवाज शोषणारं आवरण असतं, म्हणजे आवाज घुमत नाही.
४. संकलनात चुका, लांबण आणि खोकले कापले जातात, संगीत आणि इतर आवाज मिसळले जातात.
५. क्यू शीट बनते. कोणता भाग कधी सुरू होणार, किती मिनिटं-सेकंद चालणार, हे तिच्यावर लिहिलेलं असतं.
६. प्रसारणाच्या वेळी ड्यूटी ऑफिसर सगळं ऐकत नोंदी ठेवतो. मधे शांतता पसरली तर श्रोत्याला रेडिओच बिघडला असं वाटतं, म्हणून भरायला संगीत तयार ठेवलेलं असतं.

खासगी एफएमवर एवढे प्रकार का नाहीत?

देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र २००१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं. खासगी एफएमचा तास आधीच वाटून ठेवलेला असतो: इतकी गाणी, इतक्या जाहिराती आणि मधे आरजेचं थोडकं बोलणं. याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे खर्च जाहिरातींतून काढावा लागतो आणि श्रुतिका-रूपकांपेक्षा गाणी स्वस्त पडतात. दुसरं म्हणजे २०११च्या धोरणानुसार खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र मात्र आहे तसं ऐकवता येतं.

सामुदायिक रेडिओची गोष्ट वेगळी आहे. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रं काढता येतात. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' हे त्याचं उदाहरण. इथे कार्यक्रम करणारे आणि ऐकणारे एकाच भागातले असतात. पुण्याच्या प्रयोगात पत्राने जाणारा प्रश्न इथे थेट केंद्राच्या दारात पोचतो.

पॉडकास्ट करणाऱ्यांनाही यातलं बरंच काही उपयोगी पडतं. लिहिलेलं आधी मोठ्याने वाचून बघा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. आणि दुसऱ्या कामात असलेल्या एखाद्याला ते ऐकवून काय लक्षात राहिलं ते विचारा.