स्मरणार्थ : दात्याच्या नावाची कुळकथा

सिंगापूरच्या हौगांग भागात अप्पर सेरांगून रोडवर एक जुनं चर्च आहे आणि एक जुनं चिनी देऊळ. चर्च ऑफ द नेटिव्हिटी हा पवित्र मरियेच्या जन्माला वाहिलेला धर्मग्राम. पॅरिसच्या मिशनरी मंडळाच्या फादर अँब्रॉइस मेस्त्र यांनी १८५२ मध्ये तेओच्यू बोलणाऱ्या चिनी ख्रिस्ती लोकांसाठी तो सुरू केला. आजची गॉथिक इमारत फादर शार्ल नँ यांनी आखली आणि ती १९०१ मध्ये पूर्ण झाली. नऊ सम्राटदेवांचं तोऊ मू कोंग देऊळ १९२१ चं. त्याची जमीन ओंग चू की यांनी दिली आणि देवळाच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं. २००५ मध्ये दोन्ही वास्तूंना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. दोन्हींच्या मागे एकच जुनी व्यवस्था उभी आहे : समाजाने पैसे द्यायचे आणि देवस्थानाने देणाऱ्याचं नाव सांभाळायचं.

आज बाकावर, खिडकीच्या रंगीत काचेखाली, दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवर देणगीदाराचं नाव दिसलं की पुष्कळांना तो आधुनिक पैसेवाल्यांचा हव्यास वाटतो. मला तसं वाटत नाही. ही प्रथा चर्चइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावरची टीकाही. आरंभीच्या शतकांत भाविक भाकर, द्राक्षारस, तेल घेऊन उपासनेला येत आणि अर्पण करणाऱ्यांची नावं प्रार्थनेत वाचली जात. देवासमोर आपलं नाव उच्चारलं जावं, एवढीच त्यात मागणी होती. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला यहेज्केलच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना संत जेरोम मात्र संतापलेले दिसतात : सेवक भर सभेत हिने इतकं दिलं, त्याने इतकं कबूल केलं असं वाचतो आणि लोकांच्या वाहवाने देणारे सुखावतात! प्रार्थनेत शिरलेला हा आकडा त्यांना खटकला होता.

नावं दगडातही उतरली. इस्राएलमधल्या मेगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाची फरसबंदी सापडली. तिच्यावरच्या ग्रीक लेखात अकेप्तूस नावाच्या स्त्रीने देव येशू ख्रिस्ताला स्मरणार्थ मेज अर्पण केल्याची नोंद आहे. गायानूस या रोमन सेनाधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने फरशी करून घेतल्याचं शेजारीच लिहिलं आहे, आणि आणखी चार स्त्रियांची आठवण ठेवा असं सांगितलं आहे. ख्रिस्ती उपासनास्थळाच्या अगदी जुन्या अवशेषांपैकी हा एक, आणि त्यात देणगीदारांची यादी आहे!

आपल्याकडे हा वंश त्याहून मागे जातो. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. दर्शनी भागावर एका सुताराचं नाव आहे. राजा, श्रेष्ठी, कारागीर, भिक्षुणी असे सगळे तिथे एका डोंगरात आले. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर हिशोबच कोरला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण ठेवले : २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, व्याजातून वर्षावासातल्या भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा. हे दान निगमसभेत जाहीर झालं आणि फलकावर नोंदलं गेलं, असंही लेखच सांगतो. नाव कोरण्यामागची दुसरी गरज इथे कळते. लेख डोळ्यांसमोर असला की पुढच्या पिढीतल्या कोणाला मुद्दल खाता येत नाही.

माझ्या मते या कुळातली सर्वांत सुंदर वस्तू पंढरपूरला आहे. विठ्ठल मंदिरातला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ या काळातला, रामचंद्र यादवाच्या राजवटीतला. मंदिरासाठी दान देणाऱ्यांची ही यादी, नाव आणि रक्कम यांसकट. वेगवेगळ्या गावांची माणसं त्यात आली. यादी एकदा लिहून संपली नाही, वर्षानुवर्षं वाढत गेली. पुढे दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा जडली आणि शतकानुशतकं वारकरी त्याला पाठ लावत आले. देणगीदारांच्या यादीला इतका मान आणखी कुठे मिळाला असेल असं मला वाटत नाही.

गोव्यात मान एकाच माणसाला मिळाला. कोचीनचे कप्तान दों जेरोनिमो माश्कारेन्यश १५९३ मध्ये वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून जुन्या गोव्याचं बॉम जेझूस चर्च उभं राहिलं, १६०५ मध्ये ते अभिषिक्त झालं आणि आत भिंतीलगत त्यांचं स्मारक बांधलं गेलं. सिंगापुरातही बड्या नावांना अशी जागा मिळाली : सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या वेदीमागच्या तीन खिडक्या रॅफल्स, क्रॉफर्ड आणि बटरवर्थ यांच्या नावाने आहेत. चिनी समाजाची रीत वेगळी होती. तेलोक आयर स्ट्रीटवरचं थियान हॉक केंग देऊळ १८४२ मध्ये पुरं झालं. १८५० च्या तिथल्या शिलालेखात सर्वांत मोठे दाते तान तोक सेंग यांचे तीन हजारांहून अधिक स्पॅनिश डॉलर नोंदले आहेत, आणि त्यांच्यामागे इतर दात्यांच्या रकमा.

मग अमेरिकेने या कामाला घड्याळ लावलं, तेही खरोखरचं. १९०५ मध्ये वॉशिंग्टनच्या वायएमसीएसाठी चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पीअर्स यांनी ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत आणि जमलेला आकडा दाखवणारं मोठं घड्याळ अशी मोहीम चालवली. पुढे विद्यापीठं, इस्पितळं आणि चर्चही त्याच वाटेने गेली, आणि नावांना पायऱ्या आल्या : सोनं, चांदी, कांस्य. इतक्या रकमेला बाक, इतक्या रकमेला खिडकी. इथे मात्र मी जेरोमच्या बाजूचा आहे. पायरीवरचं नाव विकत मिळतं, आणि जिला पायरीच परवडत नाही ती विधवा यादीतून गळते.

म्हणून मला हौगांगसारख्या वस्तीत लांब, साधी यादी हवीशी वाटते. जुन्या इमारतीच्या छपराची आणि भिंतींची डागडुजी वरचेवर निघते. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारक निधीतून काही मदत मिळते, उरलेलं भाविकांना उभं करावं लागतं. त्या वेळी पाच डॉलर देणाऱ्या आजीचंही नाव आणि रक्कम लिहिली जावी, आणि त्या पैशाचं काय झालं तेही शेजारी लिहावं. केनेथ डीन आणि श्यू युआनताई यांनी १९११ पर्यंतच्या सिंगापुरातल्या चिनी शिलालेखांचा दोन खंडी संग्रह २०१७ मध्ये काढला, त्यात असंख्य दात्यांच्या नावांच्या याद्या आहेत. हमाल, नावाडी, लहान दुकानदार यांच्यातल्या कित्येकांचा आजचा एकमेव कागद म्हणजे देवळाला दिलेले एखाद-दोन डॉलर.