कोटातल्या इमारती आणि वऱ्हाडचा कापूस

देऊळगाव राजा, चिखली, मेहकर या भागातल्या शाळांची सहल मुंबईला गेली की राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट हे ठरलेले असते. आम्ही सुचवू की एक सकाळ फोर्ट भागात पायी हिंडावे. या इमारतींशी वऱ्हाडचे जुने नाते आहे.

सुरुवात एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलपासून करावी. ही इमारत १८३३ ची. समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते आणि तिथे कापसाच्या गाठींचे ढीग लागत. हा बाजार पुढे कुलाब्याला हलला.

‘फोर्ट म्हणतात, मग किल्ला कुठे आहे?’ हे मुले विचारतीलच. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६२ पासून तट पाडले गेले आणि मोकळ्या जागेवर नवे शहर आखले. त्याच सुमारास मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाड तर १८५३ सालीच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. नागपूरपर्यंत रूळ पोचले १८६७ साली. म्हणजे तेजीतल्या कापसाची बरीचशी वाट बैलगाडीनेच सरली.

आता चालत राजाबाई टॉवरपाशी यावे. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने यासाठी देणगी दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कागदाच्या मोलाचे झाले, प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. ज्यांनी कापूस पिकवला त्यांचे नाव इथल्या एकाही मोठ्या इमारतीला नाही.

जाता जाता भिंतींचे दगड दाखवावेत. त्यांतला काळा दगड बेसाल्ट. वऱ्हाडची काळी कसदार जमीनही त्याच दख्खनी लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झालेली.

परतल्यावर नकाशा काढून घ्यावा. जलंब ते खामगाव हा तेरा किलोमीटरचा फाटा खास कापसासाठी १८७० साली सुरू झाला. देऊळगाव राजाला अद्याप रेल्वे नाही. जालना–खामगाव मार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. ही रेघ मुलांनी तुटक काढावी.