कात्री, छापील कागद आणि चपडा : एका काटकसरी गृहकलेचा इतिहास

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापारी कंपन्यांच्या जहाजांतून चीन व जपानमधील चकचकीत काळ्या पेट्या, कपाटे आणि घडीचे पडदे युरोपच्या बंदरांत उतरू लागले, आणि त्या वस्तूंच्या आरशासारख्या पृष्ठभागाने तेथील धनिकांना अक्षरशः वेड लावले. या कामाला सर्वसाधारणपणे लाखकाम म्हटले जात असले, तरी त्यात लाखेचा अंश नसतो. पूर्व आशियातील उरुशी नावाच्या वृक्षाच्या खोडाला चिरा देऊन जो चीक मिळतो, तो गाळून लाकडावर एकावर एक असे अनेक हात दिले जातात आणि प्रत्येक हात दमट हवेत सुकल्यावर घासून गुळगुळीत केला जातो. हा चीक लांबच्या समुद्रप्रवासात टिकण्यासारखा नव्हता आणि तो देणारे झाड युरोपात नव्हते, त्यामुळे मूळ पद्धतीने तेथे काम करणे शक्यच नव्हते. राजवाड्यांपुरती गरज आयात वस्तूंनी भागली. परंतु ज्यांच्या घरात पाइनच्या साध्या लाकडाची कपाटे होती, त्यांच्यासाठी अनुकरणाचा मार्ग शोधावा लागला, आणि जुन्या किंवा हलक्या सामानाला कागद, रंग व रोगण यांनी नवे रूप देण्याची जी गृहकला आज जगभर परिचित आहे, तिचा एक मोठा उगम या अनुकरणात आहे.

या अनुकरणात भारताचा वाटा मोठा आहे, आणि युरोपीय गृहसजावटीच्या इतिहासात त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, हे न्याय्य नाही. इंग्लंडमधील कारागिरांनी उरुशीच्या जागी वापरली ती भारतातून येणारी खरी लाख. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे वस्ती करतात आणि आपल्याभोवती राळेसारखा स्राव सोडतात. ते कवच खरवडून, कुटून आणि धुऊन दाणेदार लाख मिळते. तीच लाख कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून विस्तवासमोर धरतात, पिशवी पिळत नेली की वितळलेली लाख कापडातून पाझरते, आणि ती गरम असतानाच हातापायांनी ताणून तिचा पापुद्रा केला जातो. हा पापुद्रा मोडून होतो तो चपडा, जो मद्यार्कात विरघळवून महाराष्ट्रातील सुतार आजही स्पिरिट पॉलिश म्हणून वापरतात. जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी 1688 मध्ये ऑक्सफर्ड येथे जपानी पद्धतीच्या रोगणकामावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दाणेदार लाख आणि चपडा या दोहोंपासून रोगण करण्याच्या कृती सविस्तर दिल्या आहेत. गोंदिया-गडचिरोलीच्या परिसरात ज्या जातीच्या झाडांवर लाखेचे पीक घेतले जाते, त्याच जातीच्या झाडांवरील द्रव्य लंडनच्या कपाटांवर चढले होते.

चित्रांचा प्रश्न मात्र रोगणाने सुटत नव्हता. जपानी पेटीवरील पक्षी, पूल आणि माणसे निष्णात चित्रकाराच्या हातची असत, आणि तसा चित्रकार लावणे म्हणजे वस्तू पुन्हा महाग होणे. अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला, तो पुढे ‘लाका पोवेरा’, म्हणजे गरिबांचे लाखकाम, या नावाने ओळखला गेला. हलक्या लाकडाच्या कपाटावर खडू आणि सरस यांचा लेप द्यायचा, तो घासून त्यावर फिका हिरवा, पिवळा किंवा निळा रंग चढवायचा, छापील चित्रे रंगवून बारीक कात्रीने कापायची, ती खळीने चिकटवायची आणि वरून चंद्रुसाच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील एका झाडाच्या राळेच्या, रोगणाचे इतके हात द्यायचे की कागदाची कड बोटाला लागू नये. या कामाची खरी कसोटी त्या कडेवरच असे. कागद जाड राहिला किंवा खळ एखाद्या कोपऱ्यात कमी पडली, तर रोगणाखाली हवेचा फुगा धरतो आणि काही वर्षांत तेवढाच तुकडा पोपडा होऊन सुटतो.

व्हेनिसजवळच्या बासानो गावातील रेमोंदिनी घराण्याचा छापखाना त्या काळी युरोपातील अत्यंत मोठ्या छापखान्यांपैकी एक होता, आणि तेथे मुद्दाम कापून चिकटवण्यासाठी शिकारी, मेंढपाळ, चिनी छत्रीवाले, फुलांचे तुरे आणि वेली यांची पानेच्या पाने छापली जात. आल्प्सच्या तेसिनो खोऱ्यातील फिरते विक्रेते रेमोंदिनींचा माल पाठीवरच्या पेट्यांतून देशोदेशी नेत. चित्रकाराची जागा छापखान्याने घेतली म्हणूनच ही कला मध्यम स्थितीतील घरांना परवडली. पुढच्या दोनशे वर्षांत ती जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा त्यामागे छपाईच्या तंत्रातील आणि किमतीतील बदल हेच मुख्य कारण होते.

कारागिराच्या हातातील ही युक्ती फार लवकर उच्चवर्गीय स्त्रियांचा छंद झाली. पॅरिसमधील मादमोझेल आइसे या विदुषीने 1727 मधील एका पत्रात रंगीत चित्रे कापण्याच्या तेथील वेडाचे वर्णन केले असून, चित्रे कितीही महाग असली तरी ती कापली जात आहेत आणि हे असेच चालले तर राफाएलच्या कृतींवरही कात्री चालेल, अशी भीती व्यक्त केली आहे. काटकसरीसाठी निघालेल्या कलेत महागडी चित्रे कापली जावीत, हा त्या कलेचा अध:पातच म्हणावा लागेल. इंग्लंडमध्ये 1760 च्या सुमारास रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने ‘द लेडीज अम्यूझमेंट’ हा नमुन्यांचा संग्रह काढला, आणि झां पिलेमां यांच्यासारख्या चित्रकारांची दीड हजारांवर रेखाटने त्यातून घरोघरच्या टेबलांवर पोहोचली.

या सर्व छंदी मंडळींत मेरी डिलेनी यांचे स्थान वेगळे आहे. त्यांनी तरुणपणी रोगणकाम आणि भरतकाम केले होते. परंतु पतीच्या निधनानंतर, वयाच्या 72व्या वर्षी, 1772 मध्ये त्यांनी काळ्या कागदावर रंगीत कागदाच्या कपच्या चिकटवून फुले घडवायला सुरुवात केली. ही छापील चित्रे नव्हती. समोर खरे फूल ठेवून त्याची प्रत्येक पाकळी, पुंकेसर आणि पानाची शीर वेगवेगळ्या छटांच्या कागदातून कापली जाई, आणि एका फुलात कधी कधी शेकडो तुकडे असत. दृष्टी अधू होऊन काम थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षांत, त्यांनी जवळजवळ एक हजार फुले पूर्ण केली, आणि त्यांपैकी बहुतेक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कागद आणि कात्री यांच्यापासून काय साधता येते याचे याहून मोठे उदाहरण या इतिहासात नाही.

एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछाप आला, म्हणजे प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा स्वतंत्र दगड तयार करून एकाच कागदावर एकापाठोपाठ ठसे घेण्याचे तंत्र आले. जर्मनीतील छापखाने देवदूत, मुले, गुलाब आणि पक्षी यांची आयतीच कापलेली, उठावदार चित्रे लाखोंनी पाठवू लागले. घडीच्या पडद्यांवर ती दाटीवाटीने चिकटवणे हा इंग्रजी घरांतील नित्याचा उद्योग झाला. जेन कार्लाइल यांनी 1849 मध्ये चित्रे चिकटवून केलेला असा एक पडदा लंडनच्या चेल्सी भागातील त्यांच्या घरात जपलेला आहे.

हेच तंत्र महाराष्ट्रात आल्यावर त्याला निराळे वळण लागले. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू झाला, आणि 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी जर्मन यंत्रे व तंत्रज्ञ आणून मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. लक्ष्मी, सरस्वती आणि दत्त यांची जी रंगीत चित्रे तेथून निघाली, ती सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत गेली, आणि घरातील स्त्रियांनी ती जशीच्या तशी चौकटीत घातलीच असे नाही. देवीच्या लुगड्याच्या आकारात जुन्या शालूच्या किंवा खणाच्या जरीचा तुकडा कापून बसवणे, दागिन्यांच्या जागी मणी व खडे शिवणे, मुकुटावर कलाबतू आणि पदरावर टिकल्या लावणे, असे काम करून कागदावरचे चित्र अंगाखांद्यावर खरी वस्त्रे ल्यालेली मूर्ती व्हावे, इतके सजवले जाई. चेहरा, हात आणि पाय एवढेच छापील ठेवायचे, हा त्यातील अलिखित नियम होता. युरोपातील स्त्री चित्र कापून वस्तू सजवत होती, तर येथे विरलेले वस्त्र कापून चित्र सजवले जात होते, आणि त्यात सौंदर्यदृष्टीइतकाच भक्तिभाव होता. व्हेनिसच्या कपाटावर ग्रंथ निघतात, पण या सजवलेल्या तसबिरींकडे मराठी कलाविचाराने फारसे लक्ष दिलेले नाही, ही मोठी उणीव आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेत जुनेपणालाच किंमत आली. रेचल अ‍ॅशवेल यांनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ‘शॅबी शीक’ नावाचे दुकान काढले, आणि रंग उडालेली पांढरी कपाटे, धुता येणारी सैल खोळ घातलेले सोफे व फिकट गुलाबांची छापील कापडे यांना स्वतंत्र शैलीचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी लाकूड न घासता थेट लावता येणारा खडूसारखा निस्तेज रंग बाजारात आणला, आणि कापीव चित्रांची जुनी कलाही त्यासोबत पुन्हा घरोघरी आली. जुनी वस्तू फेकून न देता वापरात ठेवणारी ही दृष्टी स्वागतार्ह आहे. परंतु कोरे कपाट विकत आणून ते सँडपेपरने झिजवणे हा तिचा विपर्यास आहे, कारण त्यात ना काटकसर उरते ना वस्तूचे खरे वय.

मराठी घरांच्या माळ्यांवर जरीने सजवलेल्या तसबिरी अद्याप सापडतात. काच फुटली किंवा वाळवी लागली की त्या बहुधा विसर्जित होतात, किंवा जीर्ण जरी काढून टाकून मूळ चित्र तेवढे ‘स्वच्छ’ केले जाते. तसे करू नये. छापील चित्राच्या प्रती अनेक असतात, जरीचे काम मात्र त्या एकाच तसबिरीवर असते. ते तसेच ठेवून, कोणत्या घरात कोणी केले याची नोंद चौकटीच्या मागे लिहून ठेवावी.