मजुरीची डाळ

धानाच्या कापणीला दोन-तीन आठवडे उरले की भंडारा-गोंदियाकडच्या बांध्यांमध्ये एक वेगळीच पेरणी होते. तिला नांगर लागत नाही की वखर. पायाखालचा चिखल ओला आहे तोवर उभ्या धानातच मुठीने बी फेकायचे, एवढेच काम. धान कापायच्या वेळी ही रोपे बोटभर वर आलेली असतात. पुढे त्यांना ना पाणी मिळते, ना खत, ना कोणी निंदायला येते. बांधीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढतात, निळी फुले धरतात आणि फाल्गुनाच्या सुमारास शेंगांनी भरतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात आणि उतेऱ्याचे ठरलेले पीक म्हणजे लाखोळी.

कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण, वडे असा तिचा सगळ्या अंगांनी उपयोग होतो. दाण्यात जवळपास पाव हिस्सा प्रथिने असतात. मुळांवरच्या गाठी पुढच्या धानासाठी जमिनीत नत्र सोडून जातात. पाऊस कमी पडला तरी ती तगते, जास्त पडला तरी तगते. तिलाच मध्य प्रदेशात तेवरा आणि बिहार-बंगालात खेसारी म्हणतात.

याच डाळीने मध्य भारतातल्या हजारो धडधाकट माणसांना कायमचे अधू केले. तिचा इतिहास पाहिला की लक्षात येते, डाळीतले विष हा या गोष्टीचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग ती कोणाच्या ताटात, किती आणि कोणत्या व्यवहारातून पडली, याचा आहे.

दोष तसा फार पूर्वीपासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाचा विकार आहे. त्यात माणूस चालायला लागताना थरथरतो, लंगडतो, त्याचे सांधे ढिले पडतात. सोळाव्या शतकात भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त त्रिपुट, म्हणजे हीच डाळ, माणसाला पांगळे करते असे नोंदवून ठेवले. युरोपातही तिची हीच ख्याती होती. १६७१ मध्ये व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने तिचे पीठ पावात घालायला मनाई केली होती. तरीही शेतकऱ्यांनी ती पेरणे कधी सोडले नाही, कारण बाकी सगळे बुडालेल्या वर्षी हेच एक पीक हाती लागे.

मध्य प्रदेशातल्या सागरच्या परिसरात नेमके हेच घडले. १८१८ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यात असलेला हा मुलूख तेव्हा नुकताच कंपनीकडे गेला होता. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपवला. १८३० मध्ये वेळेवर पाऊस आला नाही. १८३१ मध्ये उभ्या गव्हावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत तेवरा मात्र जोमाने वाढला, रोगट गव्हाच्या शेतातही त्याचेच रान माजले. लोकांनी तो कापला, पाला गुरांना घातला आणि दाणा स्वतः खाल्ला. एक वर्ष गेले, दुसरे गेले. १८३३ मध्ये तरुण पोरांचे पाय जायला लागले.

ही हकीकत लिहून ठेवली ती ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनने. त्याचे प्रवासवर्णन १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले. या भागातल्या एका गावात त्याचा मुक्काम पडला, तेव्हा तंबूभोवती अशा तरुणांची गर्दी झाली. काही तर चांगल्या घरचे, देखणे, खात्यापित्या कुळातले होते. काहीतरी औषध सांगा, म्हणून ते गयावया करत होते. दुखणे फक्त कमरेखाली आहे, बहुतेक वेळा झोपेतच झटका आला, आधी काही चाहूल लागली नाही, असे सगळे एकाच तोंडाने सांगत होते. गावातल्या तिशीच्या आतल्यांपैकी जवळपास निम्मे जण दोन वर्षांत सापडले होते. मुलींपेक्षा मुलगे अधिक होते. १८३४ नंतर नवा रोगी झाला नव्हता, पण ज्याचे पाय एकदा गेले तो बरा झाल्याचेही कोणी पाहिले नव्हते. स्लीमनच्या या टिपणात रोगाची बहुतेक सगळी लक्षणे येऊन जातात.

पुढे अलाहाबादकडे सिव्हिल सर्जन असलेल्या जेम्स अर्विंगने यमुनेच्या दक्षिणेकडच्या एका परगण्यात मोजणी करवली, तेव्हा शंभरात सुमारे तीन माणसे पांगळी निघाली. १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी या वैद्याने रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांत खंगला आणि त्यांच्या मागोमाग पांगळ्यांची संख्या वाढली. त्यावर ए. ब्युकॅनन या डॉक्टरने तयार केलेला अहवाल १९०४ मध्ये नागपुरात छापला गेला.

दुष्काळात सगळेच लाखोळी खातात. दुष्काळ नसतानाही ती कोण खात होते, हा प्रश्न आजच्या मध्य प्रदेशातल्या रीवा संस्थानाने पुढे आणला.

रीव्यात हा रोग दुष्काळाची वाट पाहत नव्हता. तिथले भूमिहीन मजूर पिढ्यान्‌पिढ्या मालकाकडे बांधलेले असत. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी थोडे कर्ज घेतलेले असे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, नांगर धरायचा. मजुरी रोख नसे, धान्यात मिळे. गहू आणि हरभरा बाजारात विकून पैसा होतो, तेवऱ्याला भाव नाही. मग मालक काय विकणार आणि मजुरीत काय मोजून देणार, हे उघड होते. मजुराच्या घरी महिनोन्‌महिने तेवऱ्याचीच भाकर आणि तेवऱ्याचीच डाळ. पावसाळ्यात घरातले बाकीचे धान्य संपत आले की ताटात दुसरे काही उरतच नसे, आणि नेमके तेव्हाच चिखलातले कष्ट सर्वाधिक असत. पुढच्या पाहण्यांत दिसून आले की रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक ही डाळ असेल आणि तीन-चार महिने तसेच चालले तर धोका सुरू होतो. तिच्याबरोबर पुरेसे तांदूळ, ज्वारी, भाजीपाला पोटात जात असेल, तर तोच माणूस वर्षानुवर्षे ती खाऊनही सहीसलामत राहतो.

कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेतल्या ह्यू ॲक्टनने १९२२ मध्ये या रोगावर लिहिले. डॉक्टर मंडळींमध्ये रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजायची रीत पडली. पहिल्या पायरीवर काठी लागत नाही, पण टाच जमिनीला टेकत नाही. माणूस चवड्यांवर, झोके खात चालतो. दुसऱ्या पायरीवर पोटऱ्या आणि मांड्या इतक्या ताठरतात की चालताना गुडघे कात्रीसारखे एकमेकांवरून जातात आणि हातात एक काठी येते. तिसऱ्या पायरीवर दोन काठ्या. शेवटच्या पायरीवर उभे राहणेच सुटते, मग तळहात जमिनीला टेकवून ढुंगणावर सरकायचे. हात, डोळे, बोलणे, बुद्धी यांना धक्का लागत नाही. आयुष्यही कमी होत नाही. विशीत सापडलेला नांगऱ्या असाच सत्तरीपर्यंत जगतो, आणि नांगर धरता येत नाही म्हणून घरातला दुसरा हात मालकाकडे जातो.

या सगळ्याला जबाबदार असलेले रसायन १९६४ मध्ये हाती लागले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याचे आजचे प्रचलित नाव ओडीएपी. मेंदूकडून पायांच्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशींना ते इजा करते. त्याचा एक स्वभाव फार क्रूर आहे. पिकाला पाण्याचा ताण पडला की दाण्यातले त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी लोक लाखोळीवर सर्वाधिक विसंबतात, त्याच वर्षी ती सर्वाधिक विषारी असते.

हे रसायन पाण्यात विरघळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती उपाय तपासून पाहिले. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिले किंवा गरम पाण्यात भिजवून निथळली, तर बरेचसे विष निघून जाते. खात्यापित्या घरात हे सहज होते. पण ज्या घरात सरपण वेचून आणायचे, पाणी डोक्यावरून आणायचे आणि डाळीचे पाणी हेच कालवण, तिथे ते ओतून देणार कोण? शिवाय त्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही वाहून जातात, आणि त्यांची चणचण आधीपासूनच असते.

सरकारने मात्र हे रसायन सापडण्याआधीच सोपा मार्ग निवडला होता. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली. ती लागू करायची की नाही हे राज्यांवर सोडले होते. महाराष्ट्राने ती लागू केली, पण जिथे रोगी सर्वाधिक होते त्या मध्य प्रदेशात ती अमलात आली नाही. नियमाचा रोखही विक्रीवर होता. विकायची नाही, विक्रीसाठी साठवायची नाही. मजुरी म्हणून पायली-दोन पायली मोजून देणे ही विक्री नव्हे, त्यामुळे ज्या व्यवहारातून रोग पसरत होता त्याला कायद्याने हातच लावला नाही. बाजारातही बंदीने डाळ संपली नाही, तिने वेष बदलला. तुरीच्या डाळीत लाखोळी आणि बेसनात लाखोळीचे पीठ ही भेसळ तपासणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची झाली.

रोग ओसरला तो दुसऱ्याच वाटेने. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये आला. कायद्यापेक्षा त्याची अंमलबजावणी सावकाश झाली, पण मजुरी हळूहळू रोखीत मिळू लागली. कालव्यांचे पाणी आले तसा गहू वाढला. रेशनच्या दुकानात तांदूळ-गहू मिळायला लागले. गडी रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर, शहरात जाऊ लागला. लाखोळी ताटात राहिली, पण ती एकटी राहिली नाही. नव्या रोग्यांची संख्या घटत घटत विरळ झाली.

पूर्व विदर्भातले शेतकरी तोवर बंदीने वैतागले होते. उतेऱ्यावर दुसरे पीक तेवढे भरवशाचे येत नव्हते, आणि जे येत होते ते उघड विकता येत नव्हते. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी हा विषय अनेक वर्षे लावून धरला, उपोषणे केली, सरकारदरबारी खेटे घातले. त्यांचे म्हणणे असे की विदर्भात घरोघरी ही डाळ खातात आणि पांगळे कोणी होत नाही. राज्य सरकारने अखेर आपली बंदी मागे घेतली. पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर गोंदिया भागात पाहणी केली, तेव्हा डाळ खाणारी घरे भरपूर होती आणि रोगाची जुनी दहशत दिसली नाही. मात्र ‘डाळ निर्दोष आहे’ आणि ‘आजच्या आहारात ती बाधत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात १९९० च्या दशकात दुष्काळ पडला, लोक पुन्हा याच डाळीवर आले आणि दोन हजारांवर माणसांचे पाय गेले.

पैदासकारांनी दरम्यान विष कमी असलेली वाणे काढली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून ‘रतन’, रायपूरच्या कृषी विद्यापीठातून ‘प्रतीक’ आणि ‘महातेवरा’. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या तीन वाणांना अनुकूल मत दिले, तेव्हा देशभर पुन्हा वाद पेटला. डाळींचे भाव तेव्हा नुकतेच भडकले होते. गरिबांना स्वस्त प्रथिने मिळतील, असे एका बाजूचे म्हणणे. पोत्यात ‘महातेवरा’ आहे की जुना गावठी तेवरा, हे दुकानात ओळखणार कसे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. केंद्राच्या नियमातली विक्रीबंदी या वादात जागची हलली नाही.

सरकार ज्या डाळींना हमीभाव जाहीर करते त्या तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाच. लाखोळी त्यांत नाही. गोंदियाच्या शेतकऱ्याला ती हरभऱ्यापेक्षा कमी भावात, व्यापारी देईल त्या दराने द्यावी लागते. पुढे ती कोणत्या डाळीत किंवा कोणत्या बेसनात मिसळून किती दराने विकली जाते, त्याचा हिशोब त्याच्यापर्यंत येत नाही.