कळस उतरवण्याची कुळकथा

अनंत चतुर्दशीच्या आधीचे काही दिवस पुण्याच्या बिबवेवाडीत रात्री वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा चढतो, त्यावर मखर, कमानी आणि सगळ्यात वर कळस. रथ उंच हवा, हा मंडळाचा हट्ट. पण वाटेत केबल आणि विजेच्या तारा आहेत, झाडांच्या फांद्या आहेत, आणि मिरवणूक शहराच्या मुख्य मार्गाला लागली की पूलही आहे. म्हणून हल्ली कित्येक रथांचा वरचा भाग बिजागरीवर बसवतात किंवा एकात एक सरकणाऱ्या पाइपांवर. अडथळा आला की खिट्टी काढायची, चेनपुली सैल सोडायची किंवा हायड्रॉलिक जॅक उतरवायचा आणि पलीकडे गेल्यावर कळस पुन्हा उभा करायचा.

या युक्तीचे कूळ नदीवरचे आहे. शिडाच्या होडीला उंच डोलकाठी लागते, पुलाला मात्र उंची परवडत नाही. कारण पूल जितका उंच, तितका त्याचा चढ लांब आणि खर्च मोठा. चीनमधल्या बियानजिंग, म्हणजे आजच्या कायफंग शहराचे झांग झदुआन या चित्रकाराने बाराव्या शतकात काढलेले पाच मीटरहून लांब गुंडाळीचित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याच्या मध्यभागी हाच पेच रंगवलेला दिसतो. होडी प्रवाहात आडवी होऊ लागली आहे. डोलकाठी अर्धवट खाली आली आहे. टपावर चढलेले खलाशी धावपळ करताहेत, एक जण लांब काठी पुलाला टेकवून होडी दूर रेटतोय, पुलावरून दोर खाली येतोय आणि कठड्याला झोंबलेली माणसे हातवारे करून सूचना देताहेत. पूलही पाहण्यासारखा आहे. त्याला नदीत एकही खांब नाही. खांबांवर होड्या आदळून फुटत, माणसे बुडत, म्हणून अकराव्या शतकात तिथे लाकडी तुळयांची बिनखांबी कमान रूढ झाली. पूल बांधणाऱ्याने खालून जाणाऱ्याचा विचार केला, त्याची ही जुनी साक्ष.

इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या मालवाहू होड्यांनी हे काम आणखी सोपे केले. तिथले मध्ययुगीन दगडी पूल फार ठेंगणे. डोलकाठी तळाजवळ आसावर बसवायची आणि तिच्या बुडाला शिशाचे जड वजन बांधायचे. मग उंच काठी एकट्यादुकट्या माणसाला आडवी करता येई आणि पलीकडे गेल्यावर तेच वजन तिला उभे करायला मदत करी. आपल्या रथाची बिजागरी याच घराण्यातली.

दुसरी वाट म्हणजे पुलानेच हलायचे. कोलकात्याचा 1874 चा हावड्याचा तरंगता पूल जहाजांसाठी मधून उघडत असे. 1914 चा पांबनचा रेल्वेपूल दोन पाती उचलून वाट देई; 2025 मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलाचा 72.5 मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. ज्या मार्गावर दर काही मिनिटांनी गाडी धावते, तिथे मात्र ही वाट बंद.

पुण्याला हे कळले लकडी पुलावर. पानिपतानंतर, 1761 मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथे लाकडी पूल झाला. पुढे दगडी पूल आला आणि त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले. विसर्जन आटोपलेले रथ अलका चौकातून याच पुलाने डेक्कनकडे जातात. 2021 मध्ये त्यावरून मेट्रोचा मार्ग टाकायची वेळ आली, तेव्हा गणेश मंडळांनी हरकत घेतली: आमचे रथ खालून जाणार कसे? काम थांबले, चर्चा झाल्या, आणि अखेर बंदोबस्तात ते पुन्हा सुरू झाले. मेट्रो वर राहिली. वाकणे रथांच्या वाट्याला आले.

मंडळांची ती हरकत मला रास्त वाटते. पुलाची उंची कागदावर ठरते तेव्हाच खालून जाणाऱ्यांना विचारले पाहिजे. गर्डर चढल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. पण कळस उतरवण्यात कमीपणा आहे, असेही मी मानत नाही. रस्त्यापासून गर्डरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतचे माप घ्यायचे, रस्त्याचा चढ आणि ट्रॉलीचा हिसका धरून त्यातून वीतभर वजा करायचे, आणि हजारोंच्या गर्दीत, ढोलांच्या दणदणाटात, टपावरच्या माणसाने काठीने तारा उचलत नुसत्या हाताच्या खुणेने चालकाला थांबवायचे. हे कसब कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. एका वेल्डरकडून दुसऱ्याकडे, थोरल्या कार्यकर्त्याकडून धाकट्याकडे ते जाते.

रथावर देणगीदारांची नावे ठळक रंगवलेली असतात. ज्याने बिजागरी घडवली आणि जो खिट्टीपाशी रात्रभर उभा राहिला, त्यांची नावे मंडळाच्या अहवालात तरी छापावीत, शेजारी रथाची उभी आणि उतरलेली उंची लिहावी. पुढच्या पिढीला तेवढ्या नोंदीवरून रथ बांधता येईल.